शुद्धलेखनाची पाळी शेवटी

लेखन टप्प्याटप्प्यानं करायचं असतं, हे मत मी अनेक वर्षं मानत नव्हते. चांगला लिहिणारा आधी मनात सगळं जुळवतो आणि मग कागदावर एकदाच, निर्दोष उतरवतो, अशी माझी ठाम समजूत होती. आराखडा, खर्डा, पुनर्लेखन, संपादन, मुद्रितशोधन असे भाग पाडून लेखन शिकवणाऱ्या कार्यशाळा म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय, असं मला वाटायचं. आज अभियंते, डॉक्टर, कृषी अधिकारी, बँकेतली माणसं यांच्या शेजारी बसून मी त्यांचे अहवाल आणि पत्रकं तयार करून घेते, तेव्हा याच टप्प्यांचा आग्रह धरते. आणि ज्या गोष्टीवर माझं सर्वांत जास्त प्रेम आहे, त्या शुद्धलेखनाला मी सगळ्यात शेवटची जागा देते. हा बदल सहज झालेला नाही, म्हणून तो नीट मांडावासा वाटतो.

माझी सुरुवात मुद्रितशोधनापासून झाली. पुण्यातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचण्याचं काम. तिथं एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं प्रुफावर डोळा ठेवायचा, अशी जुनी पद्धत होती. वाचणारा स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. या कामानं मला भाषेची शिस्त लावली आणि त्या शिस्तीबद्दल मी कायम कृतज्ञ राहीन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. ते अठरा नियम मला नुसते पाठ नव्हते, कुणाचंही पान हातात आलं की माझा डोळा आपोआप त्या नियमांच्या खुणा शोधायचा. मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण आणि अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ ही पुस्तकं माझ्या टेबलावरून कधी हलली नाहीत. साहजिकच ‘मजकूर तपासून द्या’ असं कुणी म्हटलं की माझ्या मनात अर्थ एकच उमटायचा : ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपं, अनुस्वार, विरामचिन्हं.

ही समजूत माझ्या एकटीची नव्हती. आपल्या शाळेनं आपल्याला तीच दिली आहे. निबंधाची वही परत येते तेव्हा तिच्यावर लाल खुणा कशाच्या असतात ते आठवा. वेलांटी चुकली, उकार चुकला, ‘आणी’ नव्हे ‘आणि’. ‘तिसऱ्या परिच्छेदात जे सांगितलं आहेस ते पहिल्यात हवं होतं’ किंवा ‘हे तू कुणाला सांगते आहेस?’ असा शेरा फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. त्यामुळे मोठेपणी हुद्द्यावर बसलेली माणसंसुद्धा सुधारणा या शब्दानं फक्त वेलांट्या समजतात.

शिवाय एका दमात लिहिण्याबद्दल आपल्याकडे मोठा आदर आहे. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली असते. महाराजांनी एक पत्र तयार ठेवायला सांगितलं होतं, कामाच्या गर्दीत ते लिहून झालं नाही, आणि ‘वाचा’ म्हटल्यावर बाळाजींनी कोरा कागद समोर धरून अख्खं पत्र घडाघडा वाचून दाखवलं. मशालजी हसला आणि गोष्ट उघडकीस आली. मला ही कथा एकटाकी लेखनाचा गौरव वाटायची. आता तिच्यात मला दुसरंच काही दिसतं. पत्र कुणाला जायचं आहे, त्यात काय मागायचं आहे, कोणत्या क्रमानं बोलायचं आहे, हे सगळं त्या माणसाच्या मनात पूर्ण ठरलेलं होतं. फक्त शाई लागायची राहिली होती. म्हणजे सर्वांत अवघड टप्पा त्यांनी कागदाला हात लावण्यापूर्वीच पार केला होता. आपण त्यांची हातोटी पाहतो आणि तो टप्पा विसरतो.

माझं मत डळमळीत व्हायला एक अहवाल कारण झाला. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीबद्दल एका संस्थेनं तो तयार केला होता आणि माझ्याकडे भाषा तपासायला आला होता. मी तपासला. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक उरली नाही. संस्थेच्या लोकांबरोबर मीही तो घेऊन संबंधित अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी पानं चाळली, मागची पुढची उलटली, आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “मॅडम, अहवाल उत्तम आहे. पण मी सही कशावर करू?”

त्या प्रश्नानं मी अस्वस्थ झाले, कारण प्रश्न रास्त होता. टंचाई आराखडा तीन टप्प्यांत आखला जातो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. कोणत्या गावात कोणत्या टप्प्यात टँकर लागेल, कुठल्या खासगी विहिरी अधिग्रहित कराव्या लागतील, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. ते सगळं अहवालात होतंही. पण शेवटच्या पानांवर, तक्त्यांच्या आड. आरंभी जिल्ह्याचा भूगोल, मग बेसाल्ट खडकाची रचना, मग पावसाची सरासरी, मग मोजणीची पद्धत. संशोधकानं ज्या क्रमानं काम केलं त्याच क्रमानं अहवाल लिहिला गेला होता. वाचणाऱ्याला लागणारा क्रम वेगळा असतो, आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पुढे तो अहवाल पुन्हा लिहिला गेला. गावांची यादी टप्प्यांनुसार पहिल्या पानावर आली आणि भूशास्त्र परिशिष्टात गेलं. नव्या खर्ड्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. तरी तो आधीच्या निर्दोष अहवालापेक्षा कितीतरी सरस होता. हे मान्य करणं मला जड गेलं.

त्यानंतर मी सार्वजनिक मजकूर वेगळ्या नजरेनं वाचू लागले. पावसाळ्यात आपल्या फोनवर येणारा संदेश घ्या. अमुक धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू करण्यात आला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. धरणावरच्या अभियंत्याला तो आकडा पुरेसा बोलतो. नदीकाठच्या घरात सामान उचलावं की नाही या विचारात असलेल्या बाईला त्यातून काय कळणार? आणि सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लोकांनी यावर आपापले उपाय शोधले आहेत. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली गेला का, एवढंच विचारलं जातं. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत मोजली जाते. ४० फूट इशाऱ्याची, ४५ फूट धोक्याची. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याकडे पाहतात, तिथं ३९ आणि ४३. सांगलीच्या माणसाला ‘रात्रीपर्यंत आयर्विन पुलाशी पाणी ४२ फुटांवर जाईल’ असं सांगितलं तर त्याला आपल्या गल्लीचं भवितव्य लगेच समजतं, कारण मागच्या पुरात कितीला पाणी कुठल्या पायरीवर आलं होतं हे त्याच्या स्मरणात असतं. क्युसेकवाल्या संदेशात व्याकरणाची चूक नाही. चूक त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे : हे कोण वाचणार आणि वाचून काय करणार, हा प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

याच सुमारास नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन संशोधिकेचा १९८० सालचा एक निबंध माझ्या वाचनात आला. त्यांनी वीस नवखे विद्यार्थी आणि वीस अनुभवी लिहिणारे घेतले. अनुभवी लोकांत पत्रकार, संपादक, प्राध्यापक होते. प्रत्येकाकडून तीन लेख लिहून घेतले, प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहायला लावला आणि त्यांच्याशी बोलून ते काय करतात ते समजून घेतलं. विद्यार्थ्यांना पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं वाटत होतं. एक शब्द काढून चांगला दुसरा बसवणं. अनुभवी मंडळी मात्र आपल्या म्हणण्याचा आकार शोधत होती आणि वाचकाच्या जागी बसून आपला मजकूर वाचत होती. मी तो निबंध वाचून बराच वेळ स्वस्थ बसले. भाषेवर माझी हुकमत होती, पण दुसऱ्याच्या मजकुराकडे पाहण्याची माझी पद्धत त्या वीस विद्यार्थ्यांची होती.

तरीही माझी पूर्ण खात्री पटली ती आपल्याच देशातल्या एका दस्तऐवजामुळे. भारताच्या संविधानाकडे आपण कायदा म्हणून पाहतो, ग्रंथ म्हणून आदर करतो. व्यावसायिक लेखनाचा नमुना म्हणून मात्र फारसं कुणी त्याच्याकडे पाहत नाही. मी पाहायला लागले आणि संविधान सभेच्या चर्चांचे खंड मला लेखनाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचे वाटू लागले.

मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. त्याच्या कितीतरी आधीपासून सांविधानिक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांचं काम चालू होतं. त्यांनी इतर देशांच्या संविधानांतल्या तरतुदींची टिपणं काढली होती आणि मार्च १९४७ मध्ये विधिमंडळांच्या सदस्यांना प्रश्नावली पाठवली होती. लिहायच्या आधी विचारणं ते हेच. मग त्यांनी पहिला खर्डा तयार केला. त्यात २४३ अनुच्छेद आणि १३ परिशिष्टं होती. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली समितीनं तो खर्डा हातात घेतला, तेव्हा तो पवित्र मानला नाही की फेकूनही दिला नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये समितीनं दिलेल्या मसुद्यात ३१५ अनुच्छेद आणि ८ परिशिष्टं आहेत. अनुच्छेद वाढले, परिशिष्टं घटली. म्हणजे रचनाच बदलली. पुनर्लेखन म्हणतात ते हे.

पुढे जवळपास आठ महिने तो मसुदा लोकांसमोर राहिला. सूचना आल्या, आक्षेप आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी तो सभेत मांडला गेला आणि त्यानंतर एकेका कलमावर चर्चा झाली, ती जवळजवळ वर्षभर. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले आहेत. मसुदा समिती १४१ दिवस बसली, हेही त्यांनी सांगितलं. आणि त्याच भाषणात त्यांनी पहिला खर्डा करणाऱ्या राव यांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिलं. गुंतागुंतीची तरतूद साध्या, स्वच्छ शब्दांत बसवण्याचं मुखर्जींचं कसब त्यांनी आवर्जून वाखाणलं. आपल्या हाताखालच्या मसुदाकाराचा भर सभेत असा उल्लेख करणारा अध्यक्ष मला फार मोठा वाटतो.

दोन गोष्टींनी मी थक्क झाले. पहिली उद्देशिकेची. ‘आम्ही भारताचे लोक’ ही सुरुवात संविधानात सर्वांत आधी येते, पण सभेनं ती १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, सगळी कलमं संपल्यावर चर्चेला घेतली, म्हणजे मान्य झालेल्या संविधानाशी ती जुळते की नाही हे पाहता यावं. अहवालाची प्रस्तावना आधी घासूनपुसून मग आत शिरणाऱ्या प्रत्येकाला मी ही तारीख सांगते.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्या प्रुफं वाचणाऱ्या बाईच्या थेट काळजाला भिडणारी. संविधान सभेत नझिरुद्दीन अहमद नावाचे सदस्य होते. स्वल्पविराम, शब्दांची जागा, मांडणीतली विसंगती यांवर त्यांनी पुष्कळ दुरुस्त्या सुचवल्या. त्यांच्याबद्दल मला आत्मीयता वाटते, कारण त्यांची नजर माझ्या ओळखीची आहे. त्यांच्या कित्येक दुरुस्त्या चुकीच्या नव्हत्या. पण कलमाचा आशय ठरत असताना अशा निव्वळ शाब्दिक बाबी मसुदा समितीवर सोपवाव्यात, असा सभेचा कल होता. दुसरं वाचन, म्हणजे कलमवार चर्चा, संपल्यावर मसुदा पुन्हा समितीकडे गेला तो कलमांना नवे क्रमांक देण्यासाठी, विरामचिन्हं आणि समासातल्या टिपा नीट करण्यासाठी, ओघानं येणारे किरकोळ बदल सुचवण्यासाठी. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद मसुद्यात ११ वा होता, तो १७ वा झाला. घटनात्मक उपाययोजनांचा २५ वा होता, तो ३२ वा झाला. तिसरं वाचन १७ नोव्हेंबर १९४९ रोजी सुरू झालं आणि २६ नोव्हेंबरला ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टांचं संविधान स्वीकारलं गेलं. मग प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या हातानं उतरलेली सुंदर प्रत आली, तिच्यावर २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांच्या सह्या झाल्या. आशय, रचना, भाषा, विरामचिन्हं, स्वच्छ प्रत. देशाचं भवितव्य लिहिणाऱ्यांनी हा क्रम पाळला असेल तर तालुक्याच्या अहवालाला तो जड होण्याचं कारण नाही.

पण हा क्रम म्हणजे एकदा चढून गेलं की मागे वळायचं नाही असा जिना आहे, असंही मी आता मानत नाही. इथं माझं मत दुसऱ्यांदा बदललं. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिता लिहिता मनातलं मोठ्यानं बोलायला लावलं आणि १९८१ साली असं मांडलं की योजना, लिहिणं आणि तपासणं ही कामं एकमेकांत सतत ये-जा करतात. मला याचा प्रत्यय रोज एका वाक्यप्रकारात येतो. ‘गळती होत असलेल्या जलवाहिनीच्या दुरुस्तीबाबत आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात येईल.’ असं वाक्य समोर आलं की पूर्वी मी त्याची भाषा सोपी करून मोकळी व्हायचे. आता मी लिहिणाऱ्याला विचारते : कोण करणार? किती दिवसांत? पैसे कुठल्या निधीतून? एका तरुण अभियंत्याला मी हे विचारलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, “ताई, ते अजून ठरलेलं नाही. ग्रामपंचायत म्हणते तुम्ही करा, आमचा विभाग म्हणतो त्यांनी करावं.” वाक्य कर्मणी होतं, कारण कर्ता ठरलेलाच नव्हता. अशा वेळी भाषा सुधारून उपयोग नसतो. पेन खाली ठेवायचं, फोन उचलायचा, निर्णय करून घ्यायचा आणि मग लिहायचं. त्या अभियंत्यानं तेच केलं. नवं वाक्य साधं होतं : ग्रामपंचायत १५ मार्चपर्यंत आपल्या निधीतून जलवाहिनी दुरुस्त करील. शेवटच्या टप्प्यावर अडलेलं वाक्य आपल्याला पहिल्या टप्प्यावर परत पाठवतं, आणि ते परत जाणं हाच खरा फायदा आहे.

म्हणून सरकारी मराठीवर नेहमी होणारी टीका मला आता अपुरी वाटते. ‘सदर’, ‘अनुषंगाने’, ‘उपरोक्त’ हे शब्द काढले की भाषा सोपी होते हे खरं. पण पुष्कळदा ते शब्द न झालेल्या विचारावर घातलेलं पांघरूण असतात.

खर्ड्याबद्दल माझं जे मत झालं आहे ते मराठी माणसांसाठी विशेष महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. आपले डॉक्टर, अभियंते, हिशेबनीस इंग्रजीत शिकलेले असतात. मराठीत लिहायला बसले की पहिल्याच ओळीत प्रतिशब्दाशी अडतात. ‘लीकेज’ला काय म्हणायचं, ‘डोस’ला काय. तो शब्द शोधता शोधता सांगायची गोष्ट हातातून निसटते. मी त्यांना सांगते, खर्डा तुम्ही बोलता तसाच लिहा. इंग्रजी शब्द येऊ द्या. आकडा आठवत नसेल तर जागा मोकळी सोडून ‘आकडा पाहा’ असं लिहा आणि पुढे चला. मागे जाऊन वेलांटी दुरुस्त करू नका. कुणाला फोनवर बोलून टंकायला सोपं वाटत असेल तर तसं करा. एकदा सगळं म्हणणं कागदावर आलं की मराठी शब्द शोधायला भरपूर अवसर असतो, आणि तेव्हा तो नेमका सापडतो, कारण कशासाठी हवा आहे ते आता कळलेलं असतं. पहिल्या खर्ड्यातल्या अशुद्ध मराठीकडे मी आता आदरानं पाहते. कुणीतरी आपल्या भाषेत विचार करायला धजावलं आहे, याची ती खूण आहे. आपण जर त्या पानावर पहिल्या मिनिटाला लाल खुणा केल्या, तर पुढचा अहवाल तो माणूस इंग्रजीत लिहील. हे मी घडताना पाहिलं आहे आणि मला त्याचं दुःख आहे.

मागच्या वर्षीची फाइल काढून तारखा बदलण्याची पद्धत हा आपल्या कचेऱ्यांतला दुसरा मोठा अडसर. नमुना वाईट नसतो. पुराचा इशारा ऐन पावसात नव्यानं लिहीत बसता येत नाही. त्याचा नमुना उन्हाळ्यातच, नीट विचार करून तयार हवा. पण जुना अहवाल उचलला की जुन्या माणसाचा प्रश्नही उचलला जातो, आणि यंदाचा प्रश्न तसाच राहतो. आता यात नवी भर पडली आहे. यंत्राला विषय सांगितला की क्षणात सफाईदार मराठी मजकूर हातात येतो. मी त्याच्या विरुद्ध नाही. मला भीती आहे ती एकाच गोष्टीची : तो मजकूर पहिल्या क्षणापासून स्वच्छ प्रतीसारखा दिसतो. वेलांट्या बरोबर, वाक्यं पूर्ण, परिच्छेद सारखे. ज्याला शाळेनं सुधारणा म्हणजे वेलांट्या असं शिकवलं आहे, त्याला त्यात सुधारायला काही दिसतच नाही. आणि सही कशावर करायची, तो प्रश्न तिथंच राहतो.

वेळ कुठून आणायचा, असं मला सगळे विचारतात. माझं उत्तर असं की वेळ तेवढाच लागतो, वाटणी बदलते. अर्ध्या दिवसाचं काम असेल तर पहिला तास एकही वाक्य न लिहिता वाचक, त्याचा निर्णय आणि आपलं मुख्य म्हणणं ठरवण्यात घालवावा. खर्डा मग भरभर होतो. तो रात्रभर बाजूला ठेवता आला तर उत्तम. नाहीतर निदान एक चहा होईपर्यंत. पुन्हा वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचं म्हणणं एका ओळीत लिहावं. ज्याचं लिहिता येत नाही तो परिच्छेद बहुधा काढायचा असतो. पहिला परिच्छेद तर फार वेळा निघतो.

शुद्धलेखनावरचं माझं प्रेम यत्किंचितही कमी झालेलं नाही. उलट, त्याला शेवटची आणि स्वतंत्र जागा मिळाल्यापासून ते जास्त नीट होतं असा माझा अनुभव आहे. आशयाशी झगडताना वेलांट्या पाहणाऱ्याचं दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. शेवटच्या वाचनाला दुसरं काहीच काम नसावं. त्यातही आकडे वेगळे वाचावेत, नावं वेगळी वाचावीत. औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा ठिपका कुठे आहे ते दोन माणसांनी पाहावं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावीत, कारण तिथं यंत्र हमखास गडबड करतं. आणि शक्य असेल तर कचेऱ्यांतल्या रुजवातीची चाल पुन्हा सुरू करावी : एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं नवी पाहायची.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण खात्याचे, विभागाचे, शाळेचे प्रमुख असतील. त्यांना माझी मनापासून विनंती आहे. तुमच्या हाताखालचं कुणी पहिला खर्डा घेऊन येईल तेव्हा लाल पेन उचलू नका. त्याला शेजारी बसवा आणि विचारा, हे कोण वाचणार आहे आणि वाचून त्यानं काय करायचं आहे? या प्रश्नाचं उत्तर कागदावर आलं की मग ऱ्हस्व-दीर्घ पाहा, आणि अगदी कसून पाहा.